परड्यातला मांडव: बांबू, अँगल आणि सायकलच्या रिमा (फेब्रुवारी ते जून २०२५, कामाच्या नोंदी)

घर कोल्हापूरजवळ पाचगावच्या माळावर. मागं परडं आहे ते २२ फूट लांब आणि रुंदी जेमतेम साडेचार फूट, उत्तरेला कंपाउंडची भिंत. एवढ्याशा जागेत आडवं काय लावणार, म्हणून वेलवर्गीय भाज्या उभ्या चढवायच्या ठरवल्या. मी उद्यमनगरात लेथवर काम करतो, त्यामुळं लोखंडातलं कळतं, पण बांबू आणि वेल दोन्ही नवीन होतं. कुणाला असंच करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून रोजच्या रोज वहीत लिहिलेलं इथं टाकतोय, चुका आणि खर्च सगळं जसंच्या तसं.

९ फेब्रुवारी, रविवार

बुरुड गल्लीतनं बांबू आणले. माणगा घेतला, कारण तो आतनं जवळजवळ भरीव असतो, पोकळ वेळूसारखा दाबला की चपटा होत नाही. १४ फुटी १० नग, ११० रुपयांनी ११०० झाले, छोटा हत्तीवाल्यानं ३५० घेतले. तिथल्या मामांनी सांगितलं होतं, "वाळलेलाच घ्या, ओला सुकला की बारीक हुतोय आन् बांधलेलं ढिल्लं पडतंय." मी आठ वाळलेले घेतले आणि दोन हिरवट घेतले, ते सरळ दिसत होते म्हणून. ही पहिली चूक. महिन्याभरात त्या दोघांवरच्या तारेच्या गाठी बोटानं फिरायला लागल्या.

१६ फेब्रुवारी

खड्डे. प्लॅन होता पाच खांब, साडेपाच फुटांवर एक, दोन फूट खोल. वरची माती फूटभर, त्याखाली मुरूम. पहारीनं दोन तास ठोकून १४ इंच खोल गेलो आणि हात सोलले. शेवटी म्हटलं १४ इंच पुरे, माती दाबून बसवली की झालं. बुडाला डांबर लावलं वाळवीसाठी आणि पाचही खांब उभे केले, वर आठ फूट राहतील असे. हलवून बघितले तर घट्ट वाटले. रिकाम्या खांबाला हातानं हलवून बघणं ही काही टेस्ट नव्हे, हे पुढं कळलं.

वरचा आडवा बांबू खांबावर खिळ्यानं ठोकायला गेलो तर दोन बांबू उभे चिरले, गाठीपासनं गाठीपर्यंत. २२० रुपये गेले. बांबूला खिळा मारायचा नाही, ड्रिलनं भोक पाडून बोल्ट घालायचा नाहीतर तारेनं बांधायचं. मग १६ गेजची तार, दोन किलो १९० रुपये, पक्कडीनं पिळून बांधलं.

अजून एक, खांबाचं वरचं टोक गाठीच्या लगेच वर कापायचं. मधे कापलं की वाटीसारखं होतं, त्यात पाणी साठतं, डास होतात आणि बांबू वरनं कुजत येतो. हे मामांनीच सांगितलेलं आणि हे तेवढं ऐकलं.

२३ फेब्रुवारी

मांडवाला जाळी लावली. दुकानातनं नायलॉनची तयार जाळी आणली ४२० रुपयांची, दोन इंची भोकाची. बारीक भोक म्हणजे वेलीला धरायला जास्त जागा असा माझा हिशोब.

कोपऱ्यात काकडीसाठी वेगळं केलं. सायकल दुकानातनं जुन्या रिमा आणल्या, ५० रुपयांना एक अशा चार. एक रिम जमिनीवर, एक सहा फुटांवर मधल्या बांबूला अडकवलेली आणि दोन्हीच्या स्पोकच्या भोकांतनं सुतळी वर-खाली ओवली. भोकं आयती समान अंतरावर असतात त्यामुळं मोजमाप काहीच करावं लागत नाही, एक भोक सोडून एक घेतलं की झालं. असे दोन गोल उभे केले. दिसायला लई छान, आईनं तर तुळशीवृंदावनच म्हटलं त्याला.

बी राहुरीच्या विद्यापीठाच्या वाणांचं मिळालं: दोडका फुले सुचेता, कारलं हिरकणी, दुधी सम्राट, काकडी हिमांगी. कारल्याचं बी टणक असतं, ते २४ तास भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं आणि मोड दिसल्यावर लावलं. बाकीचं रात्रभर भिजवून थेट जमिनीत. शेणखत ३०० रुपये, बी २६०, सुतळी १२०.

आतापर्यंत एकूण २९४०.

६ मार्च

काकडी, दोडका, दुधी उगवले. कारली मागं आहेत, आठातली पाचच उगवलीत. कोवळ्या पानांना भोकं पडलेली, सकाळी लवकर बघितलं तर तांबडे भुंगेरे. आईनं दव असताना पानांवर चुलीची राख भुरभुरली. रोज सकाळी हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाकतोय. पाच-सहा पानं झाली की मग रोप सावरतं, तोवर राखण करायची.

१६ मार्च

भिंतीचा त्रास. मांडव भिंतीपासनं चार इंचावर उभा केला होता जागा वाचवायला. दुपारी दोन वाजता भिंतीला हात लावला तर चटका बसला. भिंतीकडची पानं कडेनं करपलीत आणि आतल्या बाजूला वारा खेळत नाही. शिवाय भिंतीकडनं हात घालायला जागाच नाही, म्हणजे उद्या मागं लागलेलं फळ काढणार कसं? हा विचार अगोदर करायला पाहिजे होता.

खांब उपटून सरकवणं शक्य नव्हतं (म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं). म्हणून जाळीच पुढच्या बाजूला घेतली, खांबाला आडव्या पट्ट्या बांधून फूटभर पुढं. एक अख्खा रविवार त्यात गेला. आणि यात नकळत दुसरी मोठी चूक झाली, सगळं वजन खांबाच्या एकाच बाजूला आलं.

३० मार्च, पाडवा

गुढीसाठी बांबू शोधत होते घरात, राहिलेला एक सरळ तुकडा दिला.

वेल पाच-पाच फूट चढलेत. दोडका सगळ्यात पुढं, रोज वीतभर वाढतोय. दुधीचा शेंडा मारला, सात पानांवर. त्याला बाजूच्या फांद्या फुटतात, त्यांचाही शेंडा मारायचा आणि तिसऱ्या पिढीच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात, याला सगळे थ्रीजी कटिंग म्हणतात. दोडक्याला करू का नको विचार करून एकाच वेलाला केलं, बघूया.

वेल बांधायला जुन्या बनियनच्या पट्ट्या वापरतोय, आठच्या आकड्यात, एक वेढा तारेला आणि एक वेलाला. सुतळीनं आवळून बांधलेल्या एका दुधीच्या खोडाला काच पडला होता.

३ एप्रिल, गुरुवार

वळीव आला. संध्याकाळी साडेपाचला कामावरनं निघालो तेव्हा पश्चिमेकडनं काळं झालेलं, राजारामपुरीत येईपर्यंत धूळ, घरी पोचलो तेव्हा गारा पडून गेलेल्या. परड्यात गेलो आणि मांडव नव्हताच उभा. २२ फुटाचा अख्खा मांडव पुढच्या बाजूला आडवा झाला होता, एका तुकड्यात, दार पडावं तसा.

बायको म्हणाली, "पाऊस नंतर आला, आदी वाऱ्यानंच झोपला." हे महत्त्वाचं आहे. पाण्याच्या वजनानं पडला नाही तो. पानांनी भरलेली जाळी म्हणजे शिडासारखी, वारा तिच्यातनं जात नाही, ढकलतो. रिकामा असताना घट्ट असलेला खांब भरल्यावर कसा राहील याचा मी विचारच केला नव्हता. पाचही खांब मोडले नाहीत, बुडातनं उखडले. १४ इंच भुसभुशीत भरावातली माती, तिच्यातनं खांब दातासारखे निघाले. दोन खांब आणि वरचा एक पडताना चिरले.

टॉर्चच्या उजेडात रात्री अकरापर्यंत वेल मोकळे केले. सगळ्यात वाईट जाळीनं केलं. दोन इंची भोकांत वेल इतके विणले गेले होते की सोडवता येत नव्हते, शेवटी कात्रीनं जाळीच कापली. तीन बोटभर फळं भोकात अडकून मधनं आवळली होती, डमरूसारखी. खोडं मोडली ती दोन दुधी, एक कारलं, तीन दोडके. बाकीचे जमिनीवर पसरून ठेवले, वर ओलं पोतं.

रिमांचे दोन्ही गोल मात्र उभे होते. वारा त्यांच्या भोवतीनं निघून जातो.

६ एप्रिल

आज काही बांधलं नाही. परत तसंच उभं करायचं नव्हतं. आडवे पडलेले वेल मेलेले नाहीत, दोन ठिकाणी तर खोड जिथं मातीला टेकलंय तिथं मुळ्या फुटायला लागल्यात. म्हणजे आठवडाभर वाट बघायला हरकत नाही. मुरमाच्या खड्ड्यांत रात्री पाणी भरून ठेवलं, सकाळी पहार सहा इंच सहज आत गेली. १६ फेब्रुवारीला हे माहीत असतं तर बरं झालं असतं. एका रात्रीचं पाणी, बाकी काही नाही.

१२ एप्रिल, शनिवार

चैत्र पौर्णिमा, जोतिबाची यात्रा. दरवर्षीप्रमाणं डोंगरावर गेलो. सासनकाठ्या नाचवत होते, चांगभलंचा गजर, गुलालात सगळं गुलाबी. मी यंदा काठीच्या शेंड्याकडं बघायच्या ऐवजी दोराकडं बघत उभा राहिलो. एवढी उंच काठी, बुडाला एक माणूस पेलतोय, आणि ती पडत नाही ती चारी बाजूंनी दोर धरून उभ्या असलेल्या लोकांमुळं. काठी कलली की समोरच्या बाजूचा दोर ताणला जातो. खालनं घट्ट धरण्यावर ती उभी नाहीच, वरनं ताणण्यावर उभी आहे.

गाडीत येताना पाकिटावर चित्र काढलं.

१३ एप्रिल, रविवार (आणि पुढचे तीन दिवस संध्याकाळी)

सगळं नव्यानं. हे जरा सविस्तर लिहितो, कारण टिकलं ते हेच.

बूड: स्क्रॅपमधनं दीड इंची अँगल घेतला, ११ किलो, ५५ नं ६०५ रुपये. अडीच फुटाचे पाच तुकडे केले, प्रत्येकाला वरच्या भागात दोन भोकं. खड्डे भिंतीपासनं दीड फूट पुढं घेतले आणि या वेळी खाली रुंद, वर अरुंद असे खणले, म्हणजे काँक्रीटचा गोळा वर उपसून येणार नाही. अर्धी गोणी सिमेंट २०० ला, वाळू-खडी घराच्या कामातली पडून होती. अँगल १४ इंच आत, १६ इंच वर. बांबू अँगलच्या खाचेत उभा करून दोन बोल्ट, बांबूचं बूड जमिनीपासनं दोन इंच वर. त्यामुळं बांबू मातीला लागतच नाही, कुजायचा प्रश्न मिटला, आणि उद्या बांबू खराब झाला तर बोल्ट काढून दुसरा घालता येईल. नटबोल्ट-वॉशर १८० रुपये. वॉशर मोठा घ्या, बारीक वॉशर बांबूत रुततो.

एक इथंही चुकलं. काँक्रीट ओलं असतानाच घाईनं बांबू बोल्ट केला, त्याच्या वजनानं एक अँगल कलला आणि तसाच बसला. ओळंबा लावून बघितला तर आठ फुटात तीन इंच. तो तसाच राहिलाय.

ताण: ८ एमएम सळईचे अडीच फुटी सहा खुंट केले, वरचं टोक वाकवून हूक, ११० रुपये. मांडवापासनं तीन फुटांवर, मांडवाच्या उलट दिशेला कलते ठोकले. इथं मुरूम उपयोगी पडला, त्यात बसलेला खुंट हलत नाही. खांबाच्या शेंड्यापासनं खुंटापर्यंत नायलॉनची दोरी, २४० ची. कडेच्या दोन खांबांना ताण पूर्व-पश्चिम, मधल्या तिघांना दक्षिणेकडं. उरलेला सहावा खुंट पश्चिमेच्या खांबाला दुसरा ताण म्हणून, वारा तिकडनंच येतो. भिंतीच्या बाजूला ताणाला जागा नाही, तिकडं बांबूचे तिरके टेकू.

दोऱ्यांना लाल फडकी बांधली, पहिल्याच दिवशी पोरगा अडखळून पडला होता.

जाळी: काढून टाकली. वर एक तार, खाली एक तार आणि मधे सात-सात इंचावर उभ्या नायलॉन दोऱ्या. वेल दोरीला गुंडाळत न्यायचा. हात आरपार जातो, वारा पण जातो.

नवीन बांबू तीन, आता १२० नं, ३६० रुपये. या फेरीचा खर्च १६९५. वेळ धरला तर पहिल्या मांडवाला तीन रविवार गेले आणि याला एक रविवार व तीन संध्याकाळी.

वेल परत चढवताना शेंडा नेहमी वरच राहील असा धरायचा, नाहीतर फिरवताना कटकन मोडतो. एक मोडला.

२० एप्रिल

काकड्या मिळायला लागल्या, रिमांवरच्या. लोंबत्या असल्यानं सरळ आणि स्वच्छ.

दोडक्याला आणि दुधीला बारकी फळं धरतात आणि पिवळी पडून गळतात. सकाळी मधमाश्या दिसतात, तरी हे होतंय. मग लक्षात आलं, दोडका आणि दुधी संध्याकाळी फुलतात, मी सकाळी बघत होतो. कारलं आणि काकडी सकाळची. आता संध्याकाळी साडेसहाला नर फूल तोडून पाकळ्या मागं सारून मादी फुलात फिरवतो. मादी फूल ओळखायला सोपं, त्याच्या मागं इवलंसं फळच असतं. पहिले आठ-दहा दिवस फक्त नर फुलं आली तर घाबरू नका, तसंच असतं.

२७ एप्रिल

कारली वाकडी आणि टोचलेली. कापली तर आत अळ्या. फळमाशी. सापळा आणला १६० रुपयांचा, दहा दिवस टांगला होता, त्यात वेलावरची माशी एकही नाही. वेष्टन परत वाचलं तर आत मिथाइल युजेनॉलचं आमिष, ते आंब्याच्या फळमाशीसाठी. वेलवर्गीय भाजीला क्यू ल्युअर लागतं. दुकानदारानं विचारलं नाही आणि मी पण सांगितलं नाही की कशावर लावायचाय. क्यू ल्युअरचे दोन आणले, ९० ला एक, दुसऱ्या दिवशी सकाळी तळाला माश्यांचा थर. टोचलेली फळं कंपोस्टात न टाकता प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवतोय, नाहीतर अळी मातीत जाऊन परत माशी होते.

११ मे

आजवर काकडी ९ किलो, दोडका ७, कारली ३, दुधी पाच नग. काट्यावर करून वहीत लिहितोय. थ्रीजी केलेल्या दोडक्याला बाकीच्यांपेक्षा फार फरक दिसला नाही, दुधीला मात्र दिसला. आईनं दोडक्याच्या शिरांची चटणी केली, तीळ घालून. विकतच्या दोडक्याच्या शिरा एवढ्या कोवळ्या नसतात.

दुधी दीड किलोचा झाला की दोरीवर भरवसा ठेवू नका. जुन्या ओढणीचा झोळा करून वरच्या बांबूला बांधलाय.

२१ मे

कालपासनं पाऊस, मे महिन्यातला वाटतच नाही. रात्री वारा जोरात होता, दोनदा उठून खिडकीतनं बघितलं. सकाळी ओळंबा घेऊन गेलो. पाचही खांब आहे तिथं, तो तीन इंच कललेला पण तीनच इंच. पश्चिमेच्या खांबाचा एक ताण ढिला झालेला, नायलॉन दोरी भिजून ताणते, परत आवळला. बायको नुसती बघून हसली आणि चहा ठेवला.

२७ मे

यंदा मान्सूनच लवकर आला, २४ ला केरळात आणि २६ ला मुंबईत. नेहमी जूनचा पहिला आठवडा धरून चालतो आपण, त्यामुळं माझी एक गोष्ट करायची राहिली होती. रिमांवरची सुतळी. आठवडाभर सतत ओली राहिली आणि आज सकाळी एक गोल वरनं सुटून खाली बसला, गाजरासारखी तुटत होती सुतळी. काकडीचं पीक तसंही संपत आलं होतं, पण पावसाळ्यासाठी घेवडा त्याच रिमांवर लावणार होतो. ताणाची उरलेली नायलॉन दोरी ओवली. सुतळी फक्त उन्हाळ्यापुरती, तीन महिने.

काकडीच्या पानांवर केवडा आलाय, वर पिवळे कोनाकोनाचे ठिपके आणि खालनं करडी बुरशी. खालची सगळी पानं गुडघ्यापर्यंत काढून टाकली, वेल काढायलाच झालेत.

८ जून

खर्च मांडला. पहिला मांडव २९४०, दुसरा १६९५, सापळे ३४०, एकूण ४९७५. त्यातले पाण्यात गेले ते असे: चिरलेले पाच बांबू ५५०, जाळी ४२०, सुतळी १२०, चुकीचा सापळा १६०, म्हणजे १२५०. अँगल आणि काँक्रीट आधी केलं असतं तर साधारण ३७०० मधे झालं असतं. भाजी निघाली ती आजपर्यंत एकूण ३१ किलो, त्यातली निम्मी शेजारी आणि कामावर वाटली.

१५ जून

घेवडा उगवलाय, रिमांजवळ प्रत्येकी सहा रोपं. तोंडलीची फांदी शेजारच्या काकूंनी दिली, ती मधल्या खांबाला. तोंडली वर्षानुवर्षं राहते म्हणून तिला सगळ्यात भक्कम जागा, म्हणजे ज्याच्या अँगलला काँक्रीट सगळ्यात जास्त पडलंय तिथं.

एक दोडका वेलावरच ठेवलाय बियाण्याला, सगळ्यात वर, पूर्वेच्या टोकाला. तीन एप्रिलला जमिनीवर पडून ज्याला खोडातनं मुळ्या फुटल्या होत्या, त्याच वेलाचा आहे. पावसात कुजू नये म्हणून वरनं दुधाच्या पिशवीची टोपी घातलीय. अजून हिरवा आहे, हलवून बघतो रोज, आत बी वाजायला लागलं की उतरवायचा.